आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून

गेल्या वर्षीच्या आषाढातली ही गोष्ट. शाळा सुटली होती, पाऊस कोसळत होता आणि मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. इतक्यात छत्री मिटवीत एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे मान खाली घालून एक तरुण उभा होता. त्याला मी तत्काळ ओळखले. पाच वर्षांपूर्वी तो माझ्या दहावीच्या वर्गात होता. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून रोज पहाटेच्या बसने तो बेळगावास येत असे. पुढे त्याला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, त्या दिवशी त्याच्या गावातील घराघरांत पेढे वाटले गेले होते.

वडिलांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले एक पत्र काढले व माझ्यापुढे ठेवले. "मास्तर, पोराला कॉलेजातनं काढलंय. तुम्ही कायतरी लिहून द्या," एवढेच ते बोलले. पत्र अवघ्या सात-आठ ओळींचे होते. अभ्यासातील असमाधानकारक प्रगती, अपुरी हजेरी आणि गैरवर्तन या कारणांस्तव आपले नाव पटावरून कमी करण्यात येत आहे, याविरुद्ध काही म्हणणे असल्यास दहा दिवसांच्या आत लेखी कळवावे, असा त्याचा आशय. त्या दहा दिवसांपैकी सहा दिवस घरात रडण्यात आणि एकमेकांना दोष देण्यात गेले होते.

मी वकील नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. तीस-चाळीस मुलांच्या वर्गापुढे उभा राहणारा साधा शिक्षक आहे. परंतु त्या पत्राच्या निमित्ताने मला या विषयाचा थोडाबहुत अभ्यास करावा लागला. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवावे, असा माझा विचार आहे. कारण असे पत्र कोणत्या घरी केव्हा येईल हे सांगता येत नाही, आणि ते आले म्हणजे नेमके काय करावयाचे हे सुशिक्षित घरांतही बहुधा कोणाला ठाऊक नसते.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. ज्याला शिक्षा करावयाची त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, हे ते तत्त्व होय. कायद्याच्या भाषेत यालाच नैसर्गिक न्यायाचे तत्त्व म्हणतात. विशेष असे की, या तत्त्वाचे एक प्रसिद्ध जुने उदाहरण विद्यापीठातलेच आहे. केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख रिचर्ड बेंटली हे मोठे विद्वान, पण तितकेच भांडखोर गृहस्थ. चार गिनींच्या एका शुल्कावरून वाद उपस्थित झाला, विद्यापीठाच्या न्यायसभेचा त्यांनी उपमर्द केला आणि १७१८ साली विद्यापीठाने त्यांच्या साऱ्या पदव्या काढून घेतल्या. मात्र तसे करण्यापूर्वी त्यांना बोलावून त्यांचे म्हणणे विचारले नाही. प्रकरण राजाच्या न्यायपीठापुढे गेले आणि १७२३ साली निकाल लागला की पदव्या परत कराव्यात. त्या वेळी न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी एदेन बागेचा दाखला दिला. आदामाने निषिद्ध फळ खाल्ले हे सर्वज्ञ परमेश्वराला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? तरीही त्याने आदामाला हाक मारली, तू कोठे आहेस व तू काय केलेस, असे विचारले आणि मगच शिक्षा सुनावली. ही कथा मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आलो आहे. पण तिच्यात शिक्षकासाठी एवढा मोठा धडा आहे, हे मला वयाची चाळिशी उलटल्यावर एका इंग्रज न्यायमूर्तीच्या दाखल्याने कळले. सर्वज्ञ असणाऱ्यानेही विचारले. मग ज्याचे ज्ञान हजेरीपटापुरते आणि गुणपत्रिकेपुरते असते त्याने विचारू नये काय?

आपल्या देशातही हे तत्त्व रुजलेले आहे. उत्तर प्रदेशात १९५४ सालच्या इंटरमीडिएट परीक्षेत तीन विद्यार्थ्यांनी अनुचित साधनांचा अवलंब केला असे परीक्षा मंडळाने ठरविले, त्यांचे निकाल रद्द केले आणि पुढील वर्षीच्या परीक्षेसही त्यांना मज्जाव केला. मुलांना एका शब्दानेही विचारण्यात आले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली स्पष्ट सांगितले की, ज्या निर्णयाने विद्यार्थ्याच्या साऱ्या भवितव्यावर परिणाम होतो, तो निर्णय घेण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. घनश्याम दास गुप्ता यांच्या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे.

परंतु याचा अर्थ असा नव्हे की प्रत्येक महाविद्यालयाने कचेरीप्रमाणे साक्षीदार उभे करावेत आणि उलटतपासण्या घ्याव्यात. त्याचे उदाहरण वैद्यकीय महाविद्यालयाचेच आहे. रांची येथील राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयात, १० जून १९७२ च्या रात्री काही विद्यार्थी मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले आणि त्यांनी अत्यंत निर्लज्ज वर्तन केले, अशी लेखी तक्रार ३६ मुलींनी केली. प्राचार्यांनी प्राध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब घेतले, पण आरोपी विद्यार्थ्यांच्या समोर घेतले नाहीत. इतरांच्या छायाचित्रांत मिसळून आरोपींची छायाचित्रे दाखविली व मुलींनी ती ओळखली. मग त्या विद्यार्थ्यांना बोलावून आरोप सांगितले, त्यांचे उत्तर घेतले आणि त्यांना दोन वर्षांसाठी काढून टाकले. आमच्यासमोर साक्षी झाल्या नाहीत, सबब हा अन्याय आहे, असे म्हणत विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७३ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. आरोप कळविला, उत्तर देण्याची संधी दिली, विचार करणारी माणसे निःपक्षपाती होती. एवढे पुरेसे आहे. त्या मुलींना आरोपींच्या तोंडावर साक्ष द्यावयास लावले असते, तर भीतीपोटी एकही मुलगी पुढे आली नसती, हे न्यायालयाने ओळखले. नैसर्गिक न्याय हा परिस्थितीप्रमाणे रूप घेतो. त्याचा गाभा मात्र बदलत नाही: आरोप काय ते सांगा आणि उत्तर ऐका.

ही दोन्ही उदाहरणे वर्तनाची झाली. पण विद्यार्थी कॉपी करीत नाही, दंगा करीत नाही, केवळ अभ्यासात किंवा रुग्णसेवेच्या शिक्षणात कमी पडतो, आणि म्हणून त्याला काढले जाते, तेव्हा काय? या प्रश्नावर अमेरिकेतील दोन खटले फार बोलके आहेत, आणि दोन्ही वैद्यकीय विद्यार्थ्यांचेच आहेत.

तेथेही वर्तनासंबंधीचे तत्त्व आधीच प्रस्थापित झालेले होते. १९६० साली अलाबामा राज्यातील मंटगमरी येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वर्णभेदाविरुद्ध न्यायालयाच्या उपाहारगृहात बैठा सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाने काही विद्यार्थ्यांना आरोप न कळविता व सुनावणी न देता काढून टाकले. १९६१ साली तेथील संघराज्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी महाविद्यालयाला असे करता येणार नाही; आधी आरोप कळविला पाहिजे आणि सुनावणी दिली पाहिजे. डिक्सन खटला म्हणून तो ओळखला जातो.

त्यानंतरचा खटला हॉरोविट्झ नावाच्या विद्यार्थिनीचा. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यकीय शाळेत १९७१ साली तिला वरच्या वर्गात प्रवेश मिळाला. पुस्तकी अभ्यासात ती हुशार होती. पण रुग्णांच्या सान्निध्यात जे काम करावे लागते, त्यात ती बरोबरीच्या विद्यार्थ्यांहून मागे आहे, तिची हजेरी अनियमित आहे आणि स्वच्छतेकडे तिचे पुरेसे लक्ष नाही, असे अध्यापकांचे मत झाले. तिला ताकीद देऊन अखेरच्या वर्षात घेण्यात आले. सुधारणा दिसेना, तेव्हा आमूलाग्र फरक न पडल्यास नाव कमी होईल, असे कळविण्यात आले. मग शाळेने जे केले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. बाहेर व्यवसाय करणाऱ्या सात डॉक्टरांकडे तिला काही काळ काम करावयास पाठविले आणि प्रत्येकाचे स्वतंत्र मत मागविले. दोघांनी सांगितले की तिला वेळेवर पदवी द्यावी. दोघांनी सांगितले की तत्काळ काढून टाकावे. उरलेल्या तिघांनी तूर्त पदवी देऊ नये, देखरेखीखाली ठेवून आणखी पाहावे, असे मत दिले. पुढील कामाचेही अहवाल समाधानकारक आले नाहीत आणि १९७३ साली तिला काढून टाकण्यात आले. वरिष्ठांकडे केलेले अपीलही फेटाळले गेले.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे सार असे की, वर्तनाचा आरोप ही घडले की न घडले याची चौकशी असते. पण विद्यार्थी वैद्यकासाठी योग्य आहे की नाही हे ठरविणे म्हणजे जाणत्या अध्यापकांनी पुष्कळ निरीक्षणांवरून बनविलेले मत असते. अशा मतासाठी कचेरीसारखी सुनावणी सक्तीची नाही. विद्यार्थिनीला तिच्या उणिवा वेळोवेळी कळविल्या होत्या आणि निर्णय काळजीपूर्वक, विचारान्ती घेतला होता, एवढे पुरेसे आहे. न्यायमूर्ती मार्शल यांनी मात्र वेगळे टिपण जोडले. तिला पुरेशी संधी मिळाली हे त्यांना मान्य होते. पण "हे अभ्यासाचे, ते वर्तनाचे" अशा चिठ्ठ्या लावून प्रश्न सुटत नाही, कारण हजेरी आणि स्वच्छता यांसारख्या गोष्टी दोन्ही बाजूंना मोडतात, असे त्यांनी दाखवून दिले. खानापूरच्या त्या मुलाचे पत्र पुन्हा वाचताना मला या टिपणाची सत्यता पटली. त्यातही प्रगती, हजेरी आणि वर्तन यांची एकच मोळी बांधलेली होती.

दुसरा खटला मिशिगन विद्यापीठाच्या ईविंग नावाच्या विद्यार्थ्याचा. १९७५ साली तो सहा वर्षांच्या संयुक्त अभ्यासक्रमात दाखल झाला. अखेरच्या दोन वर्षांत जाण्यासाठी एक राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे. १९८१ साली त्याने ती दिली. सातांपैकी पाच विषयांत तो अनुत्तीर्ण झाला. एकूण ३४५ गुण हवे होते, त्याला २३५ मिळाले. मंडळाने त्याला काढून टाकले. त्याने अर्ज केला, मंडळापुढे उभे राहून आपली बाजू मांडली. परीक्षेच्या दीड वर्ष आधी आईला हृदयविकाराचा झटका आला होता, एका निबंधस्पर्धेत वेळ गेला होता, परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्या विषयाची राहिलेली परीक्षा द्यावी लागली होती, अशी कारणे त्याने सांगितली. त्याचा सर्वांत जोरदार मुद्दा असा की, इतर अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना ही परीक्षा पुन्हा देऊ दिली जाते, मग मलाच का नाही? मुद्दा वजनदार होता. तरीही १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. मंडळाने केवळ एका परीक्षेकडे नव्हे तर त्याच्या साऱ्या वर्षांच्या कामगिरीकडे पाहिले होते. अध्यापकांनी शिक्षणक्षेत्रातील मान्य संकेत पार धाब्यावर बसविले असतील तरच न्यायालयाने हात घालावा, एरव्ही त्यांच्या व्यावसायिक मताचा आदर करावा, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी सांगितले.

हे निकाल वाचून प्रथम माझे मन खट्टू झाले. मुलाच्या बाजूने काही सापडेल या आशेने मी वाचावयास बसलो होतो. पण थोडा विचार केल्यावर मला त्यामागचे शहाणपण दिसू लागले. माझ्या वर्गात एखाद्याला मी दोन गुणांची सवलत दिली, तर जगाचे काही बिघडत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मागे मात्र एक न दिसणारा मनुष्य उभा असतो. तो आज कोठे तरी नांगर धरून आहे, किंवा तान्हे मूल मांडीवर घेऊन बसलेली एखादी बाई आहे. दहा वर्षांनी तो मनुष्य या विद्यार्थ्यापुढे येऊन बसणार आहे आणि डॉक्टर सांगतील ते औषध निमूटपणे घेणार आहे. त्याचे म्हणणे समितीपुढे कोण मांडणार? ते मांडण्याचे काम अध्यापकांचेच आहे, आणि न्यायालये अध्यापकांना जो आदर देतात तो त्या मनुष्यासाठी आहे, अध्यापकांच्या खुर्चीसाठी नव्हे.

म्हणून बचाव करावयाचा तो कसा? आम्ही तिघे त्या संध्याकाळी बसलो आणि मुलाने आधीच लिहून आणलेला मसुदा मी वाचला. चार पाने होती. अमुक प्राध्यापक पक्षपाती आहेत, तमुक विद्यार्थी श्रीमंत आहे म्हणून सुटला, वसतिगृहाचे जेवण वाईट आहे, असा सारा मजकूर. मी त्याला विचारले, "यातले किती तुझ्याविषयी आहे?" तो म्हणाला, "सर, फारसं नाही."

मग आम्ही ते पत्र बाजूला ठेवले आणि कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला अभ्यास व हजेरी, दुसऱ्या बाजूला वर्तन. वर्तनाच्या बाजूला आम्ही लिहिले की, आरोप नेमका काय, कोणत्या दिवसाचा व कोणी केलेला, हे पत्रात नाही. ते कळावे आणि त्याला उत्तर देण्याची संधी मिळावी. हे मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. १९६२ पासून सर्वोच्च न्यायालय तेच सांगत आले आहे. ओळखता येण्याजोगा आरोप नसेल तर प्रामाणिक मनुष्यालाही उत्तर देता येत नाही.

अभ्यासाच्या बाजूला मात्र हक्काची भाषा उपयोगाची नसते. तेथे तीनच प्रश्न असतात: काय घडले, का घडले आणि यापुढे काय वेगळे होणार? त्यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बहुतेक अर्जांत नसतो. "मी खूप अभ्यास करीन" हे उत्तर नव्हे. ते वचन माझ्या सातवीतील मुलेही देतात. कोणत्या विषयात कमी पडलो, कोणाकडे शिकणार, राहण्याची व जाण्यायेण्याची व्यवस्था कशी बदलली, आजारपण असेल तर त्यावर उपचार चालू आहेत काय, हे लिहिले पाहिजे आणि त्याचे कागद जोडले पाहिजेत.

नियमही वाचले पाहिजेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ सालच्या नियमांप्रमाणे एम. बी. बी. एस.च्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी चारच संधी मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पुरा व्हावा लागतो. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिके व रुग्णविभागातील कामाला ८० टक्के हजेरी लागते. अशा नियमांच्या बाबतीत प्राचार्यांपुढे कितीही अश्रू ढाळले तरी त्यांच्या हाती काही नसते. म्हणून जे त्यांच्या हाती आहे तेच मागावे. नाव पटावरून काढण्याऐवजी वर्ष पुन्हा करू द्या, हे मागणे पुष्कळदा त्यांच्या हाती असते. "माझी हजेरी पूर्ण धरा" हे मागणे नसते.

आणि मुदत! दहा दिवस म्हणजे दहा दिवस. पत्र मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवावी, उत्तर स्वतः नेऊन द्यावे आणि पोच घ्यावी. महाविद्यालयात दाद न लागली तर विद्यापीठ आहे, आणि त्यानंतर उच्च न्यायालयाचे दार आहे. तेथे जावयाचे तर वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा. परंतु मी जे खटले आपल्याला सांगितले त्यांतून एक गोष्ट उघड होते. न्यायालय "विचारले होते काय?" असे पाहते, "हा चांगला डॉक्टर होईल काय?" हे ते पाहत नाही. तो दुसरा प्रश्न ज्यांच्या हाती आहे, त्या अध्यापकांसमोरच खरा बचाव व्हावा लागतो.

आता त्या मुलाची हजेरी का घटली होती, ते सांगतो. मी तीनदा विचारले, तेव्हा तो वडिलांकडे पाहू लागला. शेवटी वडीलच बोलले. त्यांना माघ महिन्यात मूत्रपिंडाचा विकार जडला होता, पाच आठवडे ते रुग्णालयात होते, आणि घरात दुसरे कर्ते माणूस नव्हते. मुलगा रात्री बापाच्या उशाशी बसे आणि सकाळी रुग्णविभागात पेंगुळलेला पोचे, किंवा पोचतच नसे. मी विचारले, "महाविद्यालयात का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "सर, सगळ्यांना वाटलं असतं की गरीब म्हणून सवलत मागतोय."

श्रोतेहो, या एका वाक्याने मला सर्वांत जास्त दुःख झाले. जे कारण संकटाच्या वेळी सांगितले जाते त्याला कारण म्हणतात. तेच काढून टाकल्यावर सांगितले तर त्याला सबब म्हणतात. मिशिगनच्या त्या विद्यार्थ्याची आईही खरोखरच आजारी होती. आपल्या मुलांना आपण इंग्रजी शिकवितो, गणित शिकवितो. पण अडचण वेळेवर, ताठ मानेने सांगावी कशी, हे आपण शिकवीत नाही. त्या मुलाला दहावीत मीच शिकविले होते.

आणि येथे मला माझ्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका शाळेत असताना, सहलीसाठी जमविलेले पैसे वर्गातून नाहीसे झाले. संशय नववीतील एका मुलावर गेला. त्याची पूर्वीची कीर्ती फारशी चांगली नव्हती. तिघा शिक्षकांची समिती बसली. वर्गशिक्षक म्हणून मी त्यात होतो. पंधरा मिनिटांत ठरले की त्याच्या पालकांना बोलावून दाखला हाती द्यावा. मी सही केली. मुलाला बाहेर बाकावर बसविले होते, पण आत कोणी बोलावले नाही. त्याने पैसे घेतले होते की नव्हते, हे मला आजतागायत ठाऊक नाही. ठाऊक होण्याचा एकच मार्ग होता, आणि तो आम्ही आमच्या हातांनी बंद केला. कदाचित त्याने घेतलेही असतील. पण तसे असते तरीही, मी त्याला विचारले असते तर आज मला रात्री तो बाक दिसला नसता.

म्हणून मला वाटते, सुनावणी ही केवळ विद्यार्थ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ती निर्णय देणाऱ्याचेही रक्षण करते. विचारून घेतलेला कठोर निर्णय मनुष्य पुढे आयुष्यभर वागवू शकतो. न विचारता घेतलेला सौम्य निर्णयही त्याला टोचत राहतो. आणि ज्या संस्थेने उणीव दिसताच ती लिहून कळविली, सुधारण्यास वेळ दिला, मिसूरीच्या त्या शाळेप्रमाणे बाहेरच्यांचेही मत घेतले, तिला पुढे न्यायालयाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. चार पानांचे पत्र दीड पानाचे झाले. त्यात कोणावरही दोषारोप नव्हता. वडिलांचे रुग्णालयातील कागद जोडले होते. नवव्या दिवशी ते पोचते झाले आणि समितीने त्याला बोलावले. वर्तनाचे दोन आरोप होते. रात्रीच्या कामावर उशिरा आला म्हणून परिचारिकेने हटकले, तेव्हा तो उर्मटपणे बोलला, हा एक. तो खरा होता. त्याने तो कबूल केला आणि त्या भगिनींची क्षमा मागितली. दुसरा आरोप ज्या दिवसाचा होता त्या दिवशी तो वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करीत होता; तो आरोप समितीने काढून टाकला. नाव पटावर राहिले. हजेरीची तूट मात्र तशीच राहिली, आणि ती भरून काढण्यासाठी त्याला ते वर्ष पुन्हा करावे लागले. मला वाटते, तेही योग्यच झाले. पाच आठवडे न पाहिलेले रुग्ण कोणत्याही सहानुभूतीने पाहून होत नाहीत.

निकाल सांगावयास वडील पुन्हा शाळेत आले होते. "मास्तर, वर्ष गेलं, पण पोरगं ऱ्हायलं," असे ते म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. जाताना त्याने एवढेच विचारले की, समितीला दिलेल्या पत्राची एक प्रत मी ठेवून घेईन काय. ती प्रत माझ्या कपाटात आहे. वर्गातील एखाद्या मुलाविषयी सही करण्याची वेळ आली म्हणजे मी ती बाहेर काढतो, आणि आधी त्या मुलाला आत बोलावतो.